ध्रुवीय समुद्रातलं तेल: आंदोलक नेमकं काय अडवतात?

उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रातून तेल काढावं की नाही, या जुन्या भांडणाला २०२५च्या अखेरीस पुन्हा धार आली. २८ ऑक्टोबरला युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं नॉर्वेतल्या पर्यावरण संघटनांच्या विरोधात निकाल दिला. बॅरंट्स समुद्रात तेल शोधायला नॉर्वे सरकारनं २०१६ मध्ये जे परवाने वाटले, त्यांवरून ही कोर्टबाजी जवळपास दशकभर चालली होती. पुढच्याच महिन्यात ट्रम्प सरकारनं समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावाचा नवा आराखडा मांडला आणि त्यात अलास्काभोवतीचे बर्फाळ समुद्रही घातले. दोन्ही बातम्या लागोपाठ वाचल्या की वाटतं, गेली पंधरा वर्षं खोदाईच्या रिगवर चढणारी, पुलाला लटकणारी, कायाक नावाच्या चिंचोळ्या होड्यांतून जहाजांना आडवी जाणारी ही आंदोलक मंडळी सपशेल हरली.

ती हरली असं मला वाटत नाही, जिंकली असं म्हणायचं धाडसही होत नाही. हा हिशेब नीट मांडायचा तर आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ध्रुवीय समुद्रात तेलापेक्षा वेळ दुर्मीळ असतो, आणि आंदोलकांचा सगळा खेळ कंपनीचा वेळ खाण्याचा आहे.

थंडी सारखी, कायदे वेगळे

दक्षिण ध्रुवावर जमीन आहे आणि भोवती समुद्र. उत्तर ध्रुवावर समुद्र आहे आणि भोवती देश. शाळेतल्या भूगोलात एका ओळीत उरकलेला हा फरक तेलाच्या राजकारणात फार महत्त्वाचा आहे.

अंटार्क्टिकावर कुणाचीच सर्वमान्य मालकी नाही. तिथल्या खनिजांना आणि तेलाला नियमांच्या चौकटीत बसवून वाट करून देणारा एक करार १९८८ मध्ये तयारही झाला होता. पण जानेवारी १९८९ मध्ये अर्जेंटिनाचं ‘बाहिया पाराइसो’ हे जहाज तिथल्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटलं आणि डिझेल समुद्रात पसरलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स या करारातून मागे सरले. ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेनं १९८७ पासून तिथे स्वतःचा तळ ठोकला होता आणि सरकारी तळांवरचा कचरा, सांडपाणी जगाला दाखवायचा उद्योग आरंभला होता. शेवटी १९९१ मध्ये माद्रिद करार झाला आणि संशोधन सोडून खनिजांशी संबंधित सगळ्या कामांवर बंदी आली. १९९८ पासून ती अमलात आहे. २०४८ नंतर तिचा फेरविचार मागता येईल, पण आपोआप ती संपणार नाही.

उत्तरेत असं काही होणं अवघड आहे. रशिया, नॉर्वे, ग्रीनलंडमुळे डेन्मार्क, कॅनडा आणि अमेरिका असे पाच देश आर्क्टिक महासागराच्या काठावर बसलेत. सागरी कायद्यानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या तळातल्या संपत्तीवर त्या त्या देशाचा हक्क असतो. त्यामुळे आर्क्टिकचा लढा एकाच ठिकाणी लढता येत नाही, प्रत्येक देशाच्या कायद्यात आणि कोर्टात वेगळा लढावा लागतो.

आणि तेल किती? अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं २००८ मध्ये अंदाज मांडला, की आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला अजून न सापडलेलं सुमारे ९० अब्ज बॅरल तेल असावं. जगातल्या न सापडलेल्या तेलाच्या १३ टक्के. न सापडलेल्या वायूच्या तर ३० टक्के. यातला बहुतेक साठा समुद्राखाली. आकडा अवाढव्य वाटतो, पण जग दिवसाला साधारण १० कोटी बॅरल तेल पितं. म्हणजे शेवटचा थेंब उपसला तरी सगळ्या जगाला अडीच वर्षांचा पुरवठा.

हंगामच सगळं ठरवतो

अलास्काच्या वायव्येला चुकची समुद्र आहे. तिथे बर्फ जुलैत हटतो आणि ऑक्टोबरपासून पुन्हा साकळू लागतो. मधले तीनेक महिने हाच काय तो खोदाईचा हंगाम. कोकणात मे महिन्यात कौलं परतायची असतात. गडी पंधरा दिवस उशिरा आले आणि मृग लागला, की घर उघडं टाकून चालत नाही. काम थेट पुढच्या मेवर जातं, तोवर मजुरीही वाढलेली असते आणि वाशांचे भावही. चुकची समुद्रात नेमकं हेच होतं, फक्त मजुरीच्या जागी दिवसाला लाखो डॉलर भाडं खाणारी रिग आणि तिच्या दिमतीला दोन-तीन डझन जहाजं असतात.

सरकारी परवाना हा हंगाम आणखी आखडतो, आणि त्याला कारण आहे. तेलविहीर फुटली आणि वरून बुजवता आली नाही, तर शेजारी दुसरी विहीर खोदून खालून सिमेंट भरावं लागतं. या दुसऱ्या विहिरीला ‘रिलीफ वेल’ म्हणतात. तिला आठवडे किंवा महिने लागतात. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ रिगवर स्फोट होऊन अकरा माणसं गेली आणि तेल ८७ दिवस वाहत राहिलं. तो समुद्र उबदार होता, बंदरं जवळ होती, हजारो बोटी हाताशी होत्या. तीच विहीर चुकची समुद्रात सप्टेंबरअखेर फुटली असती तर? रिलीफ वेल पुरी व्हायच्या आत समुद्र गोठला असता आणि तेल पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बर्फाखाली वाहत राहण्याची भीती होती. म्हणून तिथे खोदणाऱ्या शेल या तेल कंपनीला २०१५ मध्ये अट घातली गेली होती: तेलाच्या थरातली खोदाई २८ सप्टेंबरला थांबवायची.

बर्फात सांडलेलं तेल वागतंही वेगळं. थंडीत ते घट्ट होतं, हळू उडून जातं, जंतू त्याला सावकाश खातात. तुटक्या बर्फात तेल अडवायचे तरंगते पट्टे नीट टिकत नाहीत. बर्फाच्या खालच्या बाजूला अडकलेलं तेल बर्फाबरोबर प्रवास करतं आणि वसंतात भलतीकडेच बाहेर पडतं. हिवाळ्यात तर दिवसच उगवत नाही, मग शोधणार कसं? तेल कंपन्यांचं म्हणणं इथे सांगायलाच हवं: बर्फ लाटा दाबतो, त्यामुळे तवंग फार पसरत नाही, जाड राहतो आणि तो जाळून टाकणं कधीकधी सोपं जातं. प्रयोगांत हे दिसलंय. पण त्यासाठी माणसं आणि जहाजं वेळेवर तिथे असावी लागतात, आणि चुकची समुद्राला जवळचा असा अमेरिकन कोस्ट गार्डचा मोठा तळ कोडिअ‍ॅक बेटावर होता, साधारण दीड हजार किलोमीटरवर.

आता शेलचाच २०१२ सालचा अनुभव बघा. फुटलेल्या विहिरीवर झाकण म्हणून बसवायचा पोलादी घुमट सिएटलजवळच्या शांत पाण्यातल्या चाचणीतच पिचकला. वर्षअखेरीस ‘कुल्लुक’ नावाची रिग ओढत दक्षिणेला नेत असताना वादळात दोर तुटले. कोस्ट गार्डनं हेलिकॉप्टरनं अठरा माणसं उचलली आणि ३१ डिसेंबरला ती रिग कोडिअ‍ॅकजवळच्या एका बेटाच्या किनाऱ्यावर जाऊन आपटली. भर डिसेंबरात तिला हलवायची घाई कशाला केली? १ जानेवारीला रिग अलास्कात असती तर तिच्यावर कर लागला असता, हाही विचार त्यामागे होता असं कोस्ट गार्डच्या चौकशीत नमूद झालं. कर वाचवायला निघाले आणि रिगच घालवून बसले. कुल्लुक नंतर भंगारात गेली. हा धक्का द्यायला कुठल्याही आंदोलकाची गरज पडली नाही.

पुलाला लटकून काय होतं?

जुलै २०१५. शेलच्या ताफ्यातल्या ‘फेनिका’ या बर्फफोड्या जहाजाच्या बुडाला अलास्कात सुमारे मीटरभर लांबीची चीर पडली. दुरुस्तीला ते ओरेगनमधल्या पोर्टलंडला आलं. या जहाजावर ‘कॅपिंग स्टॅक’ होता, म्हणजे फुटलेल्या विहिरीच्या तोंडावर बसवायचं जडशीळ झाकण. परवान्याची अट अशी, की हे झाकण जागेवर पोचल्याशिवाय तेलाच्या थरापर्यंत खोदायचं नाही. बाकी सगळा ताफा अलास्कात तयार आणि झाकण पोर्टलंडच्या गोदीत.

आंदोलकांनी हीच नस पकडली. २९ जुलैच्या पहाटे तेरा जण सेंट जॉन्स पुलाच्या कठड्यावरून दोरांनी खाली उतरले आणि नदीच्या वर अधांतरी लोंबकळत राहिले. प्रत्येकाच्या खाली लांबलचक रंगीत पताका. खाली पाण्यात कायाक आणि छोट्या होड्या घेऊन गावातली माणसं. दुसऱ्या दिवशी सकाळी फेनिका निघालं, पुलाजवळ आलं आणि वळून परत गोदीत गेलं. अलास्कातल्या न्यायाधीशांनी ग्रीनपीसला तासाला २,५०० डॉलर दंड लावला. दुपारी पोलिसांनी काही जणांना खाली उतरवून मधे वाट मोकळी केली आणि जहाज निसटलं. एकूण जेमतेम चाळीस तास.

एवढ्याशा उशिरानं काही अडत नाही, असं वाटेल. एकट्या त्या चाळीस तासांनी अडलंही नाही. पण आंदोलन म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे दोर आणि बॅनर येतात, आणि वेळ खाण्याचं खरं काम फोटोत न दिसणारे वकील करत असतात. अलास्कातल्या पॉइंट होप या इनुपियात मूलनिवासींच्या गावानं आणि पर्यावरण संघटनांनी मिळून दावा लावला होता. सरकारनं भाडेपट्टे विकताना पर्यावरणावरचा परिणाम मोजला तो एक अब्ज बॅरल उत्पादन धरून, आणि हा आकडा मनमानी आहे, असा त्यांचा मुद्दा होता. जानेवारी २०१४ मध्ये अपील न्यायालयानं तो मान्य केला. आठवडाभरात शेलनं २०१४चा अख्खा हंगाम रद्द केला. पुलावरच्या तेरा जणांनी दीड दिवस अडवला, पॉइंट होपच्या वकिलांनी उन्हाळा.

त्या निकालामुळे सरकारला परिणामांचा अभ्यास पुन्हा करावा लागला. त्यातूनच बाहेर आलं, की या पट्ट्यांतून ७७ वर्षं तेल काढलं तर हजार बॅरलहून मोठी अशी किमान एक गळती होण्याची शक्यता ७५ टक्के आहे. पुढच्या सगळ्या प्रचारात हा सरकारी आकडा आंदोलकांच्या हातात होता.

तिसरी आघाडी कंपनीच्या नावाची. खेळण्यांच्या विटा बनवणाऱ्या लेगोनं शेलबरोबरचा करार पुढे वाढवणार नसल्याचं ऑक्टोबर २०१४ मध्ये जाहीर केलं, ते ग्रीनपीसच्या एका गाजलेल्या व्हिडिओनंतर. यानं तेलाचा एक थेंबही अडला नाही, मात्र भागधारकांच्या बैठकीत आर्क्टिकवरचे प्रश्न वाढले.

“पण शेल गेली ती तेलाचे भाव पडले म्हणून!”

हा सगळ्यात दमदार आक्षेप आहे आणि त्यात बरंच तथ्य आहे. २८ सप्टेंबर २०१५ला शेलनं चुकची समुद्रातून काढता पाय घेतला. तोवर सुमारे सात अब्ज डॉलर खर्च झाले होते. कारणं कंपनीनंच दिली: ‘बर्गर जे’ विहिरीत पुरेसं तेल-वायू सापडलं नाही, खर्च फार आहे, आणि सरकारी नियमांचा भरवसा नाही. जून २०१४ मध्ये ११० डॉलरच्या वर असलेलं बॅरल तेव्हा ५० डॉलरच्या खाली आलं होतं.

पण तारखा शेजारी ठेवून बघा. शेलनं हे पट्टे २००८ मध्ये २.१ अब्ज डॉलरला घेतले. २०११ पासून २०१४च्या मध्यापर्यंत तेल बहुतेक काळ शंभरीच्या आसपास होतं. त्या काळात विहीर पुरी झाली असती तर कदाचित आणखी दोन विहिरी खोदायचा हुरूप आला असता. सात वर्षांत एकच विहीर पुरी झाली, तीही भाव कोसळल्यावर. मधली वर्षं गेली ती दाव्यांत, मेक्सिकोच्या आखातातल्या दुर्घटनेनंतरच्या बंदीत आणि शेलच्या स्वतःच्या धांदरटपणात. आंदोलकांनी शेलला हाकललं, हे ग्रीनपीसच्या पत्रकात शोभतं. माझ्या मते त्यांनी शेलला स्वस्ताईपर्यंत रखडवलं. एवढंच, पण ते थोडं नाही.

नंतर डिसेंबर २०१६ मध्ये ओबामांनी अमेरिकन आर्क्टिकचा बहुतेक भाग तेल-परवान्यांतून काढून टाकला. ट्रम्प यांनी २०१७ मध्ये तो निर्णय फिरवला, २०१९ मध्ये कोर्टानं ट्रम्प यांचा आदेश बेकायदा ठरवला (न्यायाधीश त्याच, पोर्टलंडच्या पुलाच्या प्रकरणात ग्रीनपीसला दंड करणाऱ्या शॅरन ग्लीसन), मग बायडेन, मग पुन्हा ट्रम्प. तेलविहिरीला शोधापासून उत्पादनापर्यंत यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. दर चार वर्षांनी पाटी पुसली जाणार असेल तर कुठली कंपनी पैसे ओतेल?

“हा कायदेभंग नाही का?”

कित्येकदा आहे. सागरी कायदा तेलफलाटाभोवती ५०० मीटरचं सुरक्षा-वर्तुळ मान्य करतो आणि तिथे घुसणं हा गुन्हा ठरवता येतो. प्रश्न असतो शिक्षा किती आणि कुठल्या कलमाखाली.

१८ सप्टेंबर २०१३ला ग्रीनपीसच्या ‘आर्क्टिक सनराइज’ जहाजावरून रबरी होड्या सुटल्या त्या रशियाच्या पेचोरा समुद्रातल्या ‘प्रिराझलोम्नाया’ फलाटाकडे. किनाऱ्यापासून साठेक किलोमीटर, खोली जेमतेम वीस मीटर, समुद्रतळावर बसवलेला पोलादाचा चौकोनी किल्ला. एक फिन्निश तरुणी आणि एक स्विस तरुण दोरानं त्याच्या भिंतीवर चढू लागले. वरून पाण्याचे फवारे, खाली तटरक्षकांचा पाण्यात गोळीबार. दोघं पकडले गेले. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरमधून बंदूकधारी जवान थेट जहाजावर उतरले आणि जहाज मुर्मान्स्कला ओढून नेलं. ताब्यात ३० जण: २८ कार्यकर्ते-खलाशी आणि दोन मुक्त पत्रकार. कप्तान पीटर विल्कॉक्स. १९८५ मध्ये फ्रेंच हेरांनी न्यूझीलंडच्या बंदरात बुडवलेल्या ‘रेनबो वॉरियर’चे कप्तानही हेच.

आरोप ठेवला चाचेगिरीचा, शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत. चाचेगिरी म्हणजे एका जहाजानं दुसऱ्या जहाजावर लुटीसाठी किंवा तत्सम खासगी हेतूनं केलेला हल्ला. फलाट हे जहाज नाही आणि बॅनर लावणं ही लूट नाही. ही मंडळी चाचे नाहीत हे खुद्द पुतिन यांनी जाहीरपणे म्हटलं, तरी आरोप लागलाच. पुढे तो बदलून ‘गुंडगिरी’चा झाला. जहाजावर डच झेंडा होता, म्हणून नेदरलँड्स आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणात गेलं. २२ नोव्हेंबरला न्यायाधिकरणानं ३६ लाख युरोंच्या हमीवर जहाज आणि माणसं सोडायला सांगितलं. रशिया सुनावणीलाच फिरकला नाही. जामीन मिळत गेले, डिसेंबरात माफीचा कायदा झाला आणि सगळे घरी परतले. २०१५ मध्ये लवादानं रशियाला दोषी ठरवलं, २०१९ मध्ये २७ लाख युरोंवर तडजोड झाली.

म्हणजे कोर्टात जिंकले. आणि तेल? त्याच डिसेंबरात प्रिराझलोम्नायातून उत्पादन सुरू झालं. जिथे स्वतंत्र कोर्ट नाही, बिचकणारे भागधारक नाहीत, निवडणुकीत हरणारं सरकार नाही, तिथे वेळ खायला जागाच नसते. ग्रीनपीसच्या कौतुकात ही बाब सहसा झाकली जाते.

उशीर आणि खर्चाचं हत्यार कंपन्याही शिकल्या आहेत. डच न्यायालयानं २०११ मध्ये ग्रीनलंडजवळच्या रिगच्या कामात अडथळा आणल्यास ग्रीनपीसला दिवसाला ५०,००० युरो दंड ठरवला होता. उत्तर डकोटातल्या तेलवाहिनीच्या खटल्यात तर २०२५ मध्ये ज्युरीनं ग्रीनपीसवर ६६ कोटी डॉलरहून जास्त भरपाई बसवली. न्यायाधीशांनी ती नंतर जवळपास निम्म्यावर आणली, तरी एखादी संघटना बुडवायला ती पुरेशी आहे.

“बाहेरच्यांनी तिथल्या लोकांना का शिकवावं?”

तिथल्या लोकांचं एकच मत आहे, असं समजणं हीच पहिली चूक. अलास्काच्या उत्तर उतारावर शाळा, दवाखाने, नळ आले ते तेलावरच्या करातून. तिथल्या मूलनिवासींच्या मोठ्या महामंडळाला खोदाई हवी आहे. त्याच पट्ट्यातल्या देवमाशाची शिकार करणाऱ्या गावांना समुद्रातल्या खोदाईची धास्ती वाटते. समुद्र हीच त्यांची शेती.

कॅनडातल्या क्लाइड रिव्हर या इनुइट मूलनिवासींच्या वस्तीची गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात बोलकी वाटते. तेल शोधण्यासाठी जहाजामागे हवेच्या तोफा ओढत नेतात. त्या दर काही सेकंदांनी समुद्रात स्फोटासारखा आवाज करतात आणि तळाखालून आलेल्या प्रतिध्वनीवरून थरांचा नकाशा काढतात. याला ‘सिस्मिक सर्वेक्षण’ म्हणतात. बॅफिन उपसागरात पाच वर्षं असं सर्वेक्षण करायची परवानगी कॅनडाच्या ऊर्जा मंडळानं दिली. गावकऱ्यांनी बैठकीत साधा प्रश्न विचारला होता: या आवाजानं देवमासे, नारव्हाल, सील यांचं काय होईल? कंपनीच्या माणसांना उत्तर देता आलं नाही. नंतर कंपनीनं उत्तर म्हणून ३,९२६ पानांचा दस्तऐवज पाठवला. तो वेबसाइटवर चढवला होता, आणि नुनावुत या त्यांच्या प्रांतात इंटरनेट इतकं मंद, की उघडणं जवळपास अशक्य. इनुक्तितुत भाषेत त्यातला किरकोळ भागच आणलेला. हा तपशील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. २६ जुलै २०१७ला त्या न्यायालयानं एकमतानं परवानगी रद्द केली, कारण गावाशी खरा सल्लामसलतीचा व्यवहार झालाच नव्हता.

खटल्यात इनुइट गावाला मदत केली ग्रीनपीसनं. हे वाटतं तितकं सहज नव्हतं. सत्तरच्या दशकात ग्रीनपीसनं सीलच्या कातड्यांविरुद्ध जी मोहीम चालवली, तिनं इनुइट लोकांचं उत्पन्न बुडवलं होतं. ग्रीनपीस कॅनडानं २०१४ मध्ये त्याबद्दल माफी मागितली.

“यांच्या बोटीही डिझेलवरच चालतात”

चालतात. कायाक प्लास्टिकची असते आणि प्लास्टिक तेलापासून होतं. सिएटलमध्ये २०१५ला शेलविरोधी कायाक-आंदोलनावर हे टोमणे भरपूर झाले. आज तेल वापरणाऱ्यानं नव्या ठिकाणी तेल शोधायला हरकत घेऊ नये, हा नियम लावला तर धरणाचं पाणी पिणाऱ्या कुणालाच नव्या धरणाला विरोध करता येणार नाही. पुढे जाऊ.

“इथे नाही काढलं तर दुसरीकडे काढतील”

नॉर्वेच्या बचावातला एक मुद्दा हाही होता. वरून त्यांचा दक्षिण बॅरंट्स समुद्र उबदार प्रवाहामुळे गोठत नाही, तिथे हंगामाचा प्रश्न फारसा नाही. २०१६ मध्ये ‘गोलियात’ क्षेत्रातून आणि मार्च २०२५ मध्ये ‘योहान कास्टबर्ग’मधून तेल वाहू लागलंच.

म्हणून नॉर्वेतल्या संघटनांनी गळतीपेक्षा वेगळा मुद्दा धरला: तेल काढताना होणारा धूर तुम्ही मोजता, पण विकलेलं तेल परदेशात जळतं त्याचा धूर कोण मोजणार? तेलातला बहुतेक कार्बन तर तेव्हाच हवेत जातो. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये परवाने कायम ठेवले आणि हा हिशेब उत्पादनाच्या मंजुरीवेळी करता येईल असं सांगितलं. युरोपीय न्यायालयानंही २०२५ मध्ये नॉर्वेला दोषी धरलं नाही. मात्र उत्पादनाला परवानगी देण्याआधी जळणाऱ्या तेलाच्या धुराचाही अभ्यास व्हायला हवा, हे त्या निकालात आहे. याच मुद्द्यावर ऑस्लोच्या कोर्टानं जानेवारी २०२४ मध्ये उत्तर समुद्रातल्या तीन क्षेत्रांच्या मंजुऱ्या अवैध ठरवल्या होत्या. लेखाच्या सुरुवातीला ‘हरले’ म्हटलं, त्या निकालात पुढच्या प्रत्येक विहिरीसाठी एक जादा पायरी बसलेली आहे.

दुसरीकडून तेल येतंच, हे खरं. आर्क्टिकचं तेल मात्र महाग आणि आज-उद्या नाही, तर दहा-पंधरा वर्षांनी येणारं आहे. तोवर जगाची मागणी घटली तर हेच तेल आधी तोट्यात जाईल. ग्रीनलंडनं तर २०२१ मध्ये नवे परवाने देणंच थांबवलं.

आणि भारताचा काय संबंध?

ग्रीनलंडजवळ २०१० आणि २०११ मध्ये खोदाई करणारी कंपनी होती केर्न एनर्जी. हो, तीच. राजस्थानात बाडमेरला तेल सापडवणारी आणि नंतर पूर्वलक्षी करावरून भारत सरकारशी भांडणारी. तिनं तिथे आठ विहिरी खोदल्या, विकण्याजोगं तेल एकीतही मिळालं नाही. २०११च्या जूनमध्ये तिच्या रिगवर चढला तो ग्रीनपीसचा तेव्हाचा प्रमुख, भारतीय वंशाचा दक्षिण आफ्रिकी कुमी नायडू. मागणी एकच: तेल सांडलं तर काय करणार, ती योजना दाखवा. चार दिवस ग्रीनलंडची राजधानी नूकच्या तुरुंगात काढले. योजना नंतर प्रसिद्ध झाली.

ओएनजीसी विदेशकडे आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेच्या व्हँकोर क्षेत्राच्या कंपनीत २६ टक्के वाटा आहे, तो जमिनीवरच्या तेलात. समुद्रातल्या तेलाशी संबंध आला २०२२च्या डिसेंबरनंतर. युरोपनं रशियन तेलाला दार लावलं आणि प्रिराझलोम्नायाचं तेल, त्याला बाजारात ‘आर्को’ म्हणतात, भारतीय शुद्धीकरण कारखान्यांकडे वळलं. ज्या भिंतीवर चढल्याबद्दल तीस जण तुरुंगात गेले, त्या भिंतीमागचं तेल आपल्या पंपांपर्यंत पोचलं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं हा फलाट चालवणाऱ्या गाझप्रोम नेफ्ट या रशियन कंपनीवर निर्बंध घातल्यावर तो ओघ अडखळला. आर्कोपुढे खरी अडचण उभी केली ती दोरांनी नाही, निर्बंधांनी.

दुसरं टोक गोव्यात आहे. वास्कोतली राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या ‘हिमाद्री’ तळाचं काम बघते. पेचोरा समुद्राच्या शेजारी कारा समुद्र आहे. तिथला उन्हाळी बर्फ घटणं आणि भारतात सप्टेंबरात पडणारा धो-धो पाऊस यांचा संबंध असावा, असं या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडलंय. मार्च २०२२च्या भारताच्या आर्क्टिक धोरणात हवामान-संशोधनही आहे आणि नैसर्गिक संपत्तीचा ‘जबाबदारीनं’ शोधही, दोन्ही शेजारी शेजारी. आर्क्टिक परिषदेत भारत २०१३ पासून निरीक्षक आहे, त्याला तिथे मत नाही. आर्कोचं टँकर आपल्या बंदरात घ्यायचं की नाही, हे ठरवायला मात्र त्या परिषदेला विचारावं लागत नाही.